दहा गुणांसाठी वस्तीत येऊ नका

कोकणातल्या आमच्या मिठबाव गावातल्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटली. आधी गिरण्या, १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम, आणि आता दिवा, नालासोपाऱ्याच्या चाळी. हे गाव आणि त्या चाळी, दोन्ही मुंबई विद्यापीठाच्याच हद्दीत. म्हणून विचारतो, विस्तारकार्याच्या, म्हणजे कॉलेजांनी वस्तीत जाऊन करायच्या कामाच्या, नावाखाली आमच्या पदरात काय पडलं?

त्यातली राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. वर्षाला १२० तास भरायचे, सात दिवसांचं शिबिर उरकायचं, दहा वाढीव गुण घ्यायचे. दिव्यात माझ्या चुलतबहिणीच्या चाळीत अशीच एका कॉलेजची मुलं आली. हातात नवे कोरे झाडू, मागे बॅनर. फॉर्मवर ‘मुख्य समस्या’ असा रकाना. बहिणीने सांगितलं, नळाला पाणी रात्री दोनला येतं. फॉर्म भरणाऱ्या कॉलेजच्या मुलीने लिहिलं, ‘जनजागृतीचा अभाव’. मग फोटो, हजेरी, आणि दुपारच्या लोकलने सगळे परत. त्या फॉर्मचं पुढे काय झालं, चाळीत कुणालाच ठाऊक नाही. त्या पोरीवर माझा राग नाही. उत्तर आधीच पढवून तिला पाठवणाऱ्यांवर आहे. रात्री दोनला हंडे भरणाऱ्या बाईला जागृती शिकवायला निघता, लाज वाटायला हवी.

जमत नाही, ही सबब सांगू नका. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. मार खाऊन आलेल्या बाईचं ऐकून घ्यायला तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. पुढे राज्य सरकारने ते काम स्वीकारलं, महाराष्ट्रभर नेलं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही १९९६ साली त्याच संस्थेतून निघाली. ती संस्था मुळात वस्तीतूनच उगवली. नागपाड्यात सेवाकेंद्र चालवणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९३६ साली तिची सुरुवात केली.

ते दहा गुण आधी बंद करा. चाळीत एक टेबल मांडा आणि वर्षभर तिथून हलू नका. कायद्याच्या मुलांनी भाडेकरार वाचून दाखवावेत, वाणिज्यच्या मुलांनी भविष्य निर्वाह निधीचे अडकलेले अर्ज मार्गी लावावेत, इंजिनीअरिंगच्या मुलांनी पाण्याचा दाब मोजून पालिकेला लेखी द्यावा. वर्षअखेरच्या अहवालावर प्राचार्यांच्या सहीआधी चाळीतल्या बायकांच्या सह्या घ्या. त्या नसतील तर पुढच्या वर्षीचा निधी रोखा.