मुक्तिसंग्रामाचा इतिहास रस्त्यावर यावा

बुडापेस्टच्या आंद्राशी रस्त्यावरील साठ क्रमांकाच्या ज्या वास्तूत प्रथम हंगेरीतील फॅसिस्टांनी आणि त्यांच्यामागून कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्त पोलिसांनी माणसांचा अनन्वित छळ केला, त्या वास्तूचे २००२ साली संग्रहालय झाले. आणि बर्लिनमधील होहेनशेनहाउझेनच्या तुरुंगात तर पूर्वी तेथेच कैद भोगलेली माणसे अभ्यागतांना कोठडी-कोठडीतून हिंडवून आपली हकिगत स्वमुखाने सांगत आली आहेत. मराठवाड्याने मात्र संस्थानातील निजामी अंमलाचा आणि त्याविरुद्धच्या लढ्याचा इतिहास स्मारकांच्या शिळांवर कोरला आणि १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्रामाच्या ध्वजवंदनापुरता राखून ठेवला, याचे मला मनस्वी दुःख होते.

नांदेड आणि लातूर येथे जाणत्या मार्गदर्शकासह पायी हिंडण्याची सोय झाली पाहिजे, हे माझे आग्रहाचे मागणे आहे. नांदेडास विसावा उद्यानातील हुतात्मा स्मारकापासून निघावे, वजिराबादेतून चालत उस्मानशाही मिलच्या जागेपाशी थांबावे, आणि बहुसंख्य रयत मराठी असता अदालतीचे व दप्तराचे कामकाज उर्दूत चालणाऱ्या, ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने साध्या सभेलाही सरकारी परवानगीचे बंधन घालणाऱ्या त्या राजवटीत माणसे कशी जगत होती, हे तेथे उभे राहून ऐकावे. मग वाहनाने बिलोली तालुक्यातील अर्जापूर गाठावे, जेथे १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. आणि उमरीस जावे, जेथील बँक मुक्तिसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, लढ्याच्या खर्चासाठी लुटली. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर रोज वाचणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे सहकारी कोणत्या वाटांनी हिंडले हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मला बोचते.

लातूरची फेरी अधिक अवघड आहे, आणि म्हणूनच अधिक आवश्यक. सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात त्या गंजगोलाईत उभे राहून मार्गदर्शकाने सांगावे की निजामी राजवटीच्या बाजूच्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच गावी वकिली करीत होता, त्याच्या सशस्त्र टोळ्यांनी खेडोपाडी जाळपोळ आणि लुटालूट केली, हजारो कुटुंबे संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे परागंदा झाली. परंतु तेथेच त्याने कथन थांबवू नये. निजामी राजवटीवरील पोलीस कारवाईनंतर त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल यांची समिती या मुलखात हिंडली, आणि तिने उस्मानाबाद व नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत गणले. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला.) लातुरात मुसलमानांच्या हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालल्या, असे तिने नमूद केले, संस्थानभर किमान सत्तावीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबे वाचवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे, जो कित्येक दशके सरकारी दप्तरात बंदिस्त राहिला.

यामुळे मुक्तिसंग्रामाचे तेज उणे होईल, अशी भीती काहींना वाटते. मला ती निराधार वाटते. रझाकारांचा जुलूम सांगणे आणि त्यानंतर निरपराधांवर उगवलेला सूड सांगणे ही एकाच सत्यनिष्ठेची दोन कर्तव्ये आहेत. बुडापेस्टच्या त्या वास्तूत एका जुलमाच्या भरीस दुसराही दाखवला जातो, म्हणून पाहणाऱ्याच्या लेखी पहिला सौम्य ठरत नाही.

पोलीस कारवाईच्या वर्षी जाणत्या वयाची असलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. दोन्ही शहरांच्या महानगरपालिकांनी, विद्यापीठाच्या इतिहास विभागाने आणि गावोगावच्या महाविद्यालयांनी या माणसांकडे विद्यार्थी पाठवावेत, दोन्ही समाजांच्या घरांतील कैफियती लिहून घ्याव्यात, आणि येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन आटोपताच पहिली फेरी काढावी.