आधी स्पीकर, मग वीज



या महिन्याचा प्रश्न हिरकणीवाडीत राहणाऱ्या एका भगिनीचा आहे. त्यांच्या मरहूम सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मेकॅनिककडून दुरुस्त होऊन घरी आला आहे. त्याला कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर, मोबाइल आणि स्पीकर कसे जोडायचे, असं त्यांनी विचारलं आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘सासऱ्यांनी सौदीहून पाठवलेली कॅसेट लावायची आहे, मुलांनी त्यांचा आवाज कधी ऐकलेला नाही.’

ही एका घराची गोष्ट नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात कोकणातली कितीतरी माणसं आखातात गेली. गावात फोन नसायचा, आईला वाचता यायचं नाही. मग कॅसेट भरायची आणि सुट्टीवर गावी निघालेल्याच्या हाती द्यायची. घरी सगळे टेपभोवती बसून ते बोलतं खत ऐकायचे. आज त्यातले अनेक बोलणारे हयात नाहीत. बुटाच्या खोक्यातली ती कॅसेट म्हणजे अमानत आहे. म्हणून हे काम घाईने करायचं नाही.

प्लग लावण्याआधी

व्हॉल्व्हच्या यंत्रात आतल्या भागात 250 ते 400 व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. म्हणून मागचं झाकण घरच्या माणसाने उघडू नये. यंत्र वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असेल, तर ते थेट चालू करू नये. त्यातले जुने कपॅसिटर निकामी झालेले असू शकतात. मेकॅनिक आधी बल्ब सिरीजमध्ये लावून तपासतो, तेच योग्य.

परदेशातून आणलेल्या यंत्राच्या मागे व्होल्टेजची खूणही बघा. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ वीज आहे. सौदीत त्या काळी बऱ्याच ठिकाणी 127 व्होल्ट, 60 हर्ट्झ होती. खूण 110 किंवा 127 वर असताना इथे प्लग लावला, तर यंत्र जळतं. खूण बदलता येत नसेल, तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. रेकॉर्ड प्लेअरची आणखी एक अडचण असते. 60 हर्ट्झवर चालणारी एसी मोटर इथे हळू फिरते. मिनिटाला 45 फेऱ्यांची रेकॉर्ड साडेसदतीसच फेऱ्या घेते आणि गाणाऱ्याचा आवाज जड, रेंगाळलेला येतो. कॅसेट डेकमध्ये बहुतेक वेळा डीसी मोटर असते, तिथे व्होल्टेज जुळलं की पुरे.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओलाच मोबाइल जोडण्याचा विचार असेल, तर मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: ‘याला मेन ट्रान्सफॉर्मर आहे का?’ काही जुन्या रेडिओंत तो नसतो आणि पत्र्याच्या सांगाड्यात थेट विजेचा प्रवाह उतरू शकतो. अशा रेडिओला वायरने काहीही जोडायचं नाही.

स्पीकर

आता मुख्य गोष्ट. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर जोडला नाही, तर तो गप्प बसतो, एवढंच. व्हॉल्व्हचं तसं नाही. त्याचा आवाज आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरला जातो. स्पीकरच नसेल आणि वरून गाणं सुरू असेल, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं, ठिणगी पडते आणि इन्सुलेशन जळतं. टाकीकडचा नळ बंद ठेवून पंप चालवल्यावर पाइपाचं जे होतं, तेच. म्हणून नियम पाठ करा: आधी स्पीकर, मग वीज. यंत्र स्टीरिओ असेल, तर दोन्ही बाजूंना स्पीकर हवेतच, कॅसेटवर एकाच माणसाचा आवाज असला तरीही. चालू यंत्राची स्पीकरची वायर कधीही काढू नका.

मागे बहुधा 4, 8 आणि 16 ओहम असे आकडे असतात. स्पीकरवर जो आकडा, त्याच जागी वायर लावायची. आकडा पुसला असेल, तर मल्टिमीटर लावा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 दाखवतो, 4 चा तीन-साडेतीन. एकाच बाजूला 8 चे दोन स्पीकर समांतर जोडले, तर ते मिळून 4 होतात आणि एकामागे एक जोडले तर 16. त्याप्रमाणे जागा बदला.

लाल टोक लाल टोकाला, काळं काळ्याला. दोनपैकी एक स्पीकर उलटा जोडला गेला, तर आवाज येतो पण पोकळ वाटतो, खालचे सूर हरवतात. वायरचा एकही सुटा तार शेजारच्या टोकाला टेकू देऊ नका. जुन्या स्पीकरच्या वायरला कधी कधी घरगुती दोन पिनचा प्लग लावलेला आढळतो. तो आधी कापून टाका. एखादं मूल तो भिंतीतल्या बोर्डात घालेल.

व्हॉल्व्हच्या छोट्या ॲम्प्लिफायरची ताकद कमी असते. एका ईएल 84 व्हॉल्व्हवर चालणारं यंत्र जेमतेम 5 वॉट देतं. ‘कमी’ वाटून घाबरू नका. चांगला संवेदनशील स्पीकर असेल, तर एका खोलीला तेवढं भरपूर होतं आणि शेजाऱ्याचा हकही राहतो.

टेप, रेकॉर्ड आणि मोबाइल

स्पीकर लागले, आता आवाज द्यायचा कुठून? मागच्या प्रत्येक सॉकेटची भूक वेगळी असते. कॅसेट डेकची ‘लाइन आउट’ वायर ‘टेप’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या सॉकेटला जाते. रेकॉर्ड प्लेअरमध्ये दोन जाती आहेत. आपल्या घरांतल्या जुन्या साध्या प्लेअरमध्ये बहुधा क्रिस्टल किंवा सेरामिक कार्ट्रिज असतं. त्याचा आवाज दमदार असतो, तो ‘ग्राम’ किंवा ‘पी. यू.’ सॉकेटला चालतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज मात्र फक्त चार-पाच मिलिव्होल्ट देतं, त्याला ‘फोनो’ सॉकेट किंवा वेगळा फोनो प्रीॲम्प्लिफायर लागतो. फोनोमध्ये टेप लावला, तर आवाज फाटतो आणि घुमतो. मॅग्नेटिक प्लेअर ऑक्समध्ये लावला, तर आवाज बारीक आणि किरटा येतो.

मोबाइल हेडफोनच्या भोकातून ऑक्सला जोडता येतो. मात्र ॲम्प्लिफायर एकाच स्पीकरचा असेल, तर डावी-उजवी वायर नुसती एकत्र पिळू नका. दोन्हींत 1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडा. मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम आहे.

स्पीकरमधून घुं असा आवाज येत असेल, तर आवाजाची वायर विजेच्या वायरपासून दूर न्या आणि ती जाळीच्या आवरणाची, म्हणजे शील्डेड, आहे ना ते बघा. घुं घालवण्यासाठी तीन पिनच्या प्लगमधली अर्थिंग काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. ती पिन जीव वाचवते.

चालू करताना

सगळं जोडल्यावर आवाजाचं बटण शून्यावर ठेवा आणि मग स्विच दाबा. व्हॉल्व्ह तापायला अर्धा-एक मिनिट लागतं. व्हॉल्व्ह चांगलेच तापतात, म्हणून वर कापड किंवा फुलदाणी नको आणि लहान मुलांचे हात दूर. रायगडाच्या पायथ्याशी पावसाळ्यात वीज जाते आणि धक्का देत येते. वीज गेली की स्विच बंद करा, ती स्थिर झाल्यावरच पुन्हा लावा. ओल धरलेलं यंत्र लगेच चालवू नका.

ती कॅसेट

जपून ठेवलेली कॅसेट पहिल्यांदा लावायची नाही. आधी डेकचं हेड साफ करून घ्या आणि एखादी साधी कॅसेट पूर्ण वाजवून बघा. मग खताच्या कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही कोपऱ्यांचे प्लॅस्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकून वरून रेकॉर्डिंग होणार नाही. फीत पांढुरकी झाली असेल, तर ती बुरशी असू शकते, ती न लावता जाणकाराला दाखवा.

कॅसेट नीट वाजली, तर त्याच दिवशी नक्कल करा. डेकची लाइन आउट थेट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडायची. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवरून कॉम्प्युटरला किंवा मोबाइलला कधीही वायर घेऊ नका. फाइलला बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि अंदाजे साल द्या. मागे कुणाचा खोकला, कुणाची हाक ऐकू येते, तेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ती माणसं ओळखणारे आज आहेत, उद्याचं कुणी सांगावं.

भगिनीला आमचं एवढंच सांगणं: नक्कल झाली की ती मोबाइलवर हवी तितकी ऐका. पण मुलांना पहिल्यांदा ऐकवताना सासऱ्यांच्याच यंत्रावर ऐकवा आणि त्याआधी स्पीकरच्या वायरी स्वतःच्या हाताने एकदा तपासा. मुलगी मोठी असेल, तर तिलाही शेजारी बसवून जोडायला शिकवा.