वाचलेला बोनस

म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. खांबलिंगेश्वराचं दर्शन, घोंगड्यांची दुकानं, आणि त्याहून मोठा तो बैलबाजार. आमच्या घरात आजोबांपासून सगळे या बाजाराला जात आलेत. आता बैल कुणाला घ्यायचा नसतो, तरी एक फेरी होतेच. या वर्षी मी आणि माझा भाचा गाडीने गेलो होतो. अंधार पडताना मुरबाडच्या दिशेने परत निघालो. रस्त्याच्या कडेने लाकडाची मोळी घेऊन चाललेली एक ठाकर बाई मला दिसली तेव्हा उशीर झाला होता. गाडीचा कोपरा मोळीला लागला, ती पडली, पाय चाकाशी आला. हेडलाइट फुटला.

ती उठून बसली होती. घोटा सुजायला लागला होता. माणसं जमली, पण कुणी आवाज चढवला नाही. मी मोबाइल काढला, तेवढ्यात भाचा कानाशी म्हणाला, "मामू, पोलिसांत गेलं की क्लेम होईल. पाच वर्षांचा बोनस जाईल." मी मोबाइल खिशात ठेवला. बाईच्या नवऱ्याच्या हातावर दोन हजार ठेवले, हाडवैद्याकडे न्या म्हणालो आणि निघालो. गाडी मीच चालवत होतो, तेव्हा भाच्यावर ढकलायला काही जागा नाही.

हा बोनस म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर विम्याचा दावा केला नाही तर नूतनीकरणाला २० टक्के सूट, दुसऱ्या वर्षी २५, मग ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. एक दावा केला की बहुतेक वेळा पुन्हा शून्यावर. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी जातो. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेतली तर तो आपल्याबरोबर नव्या गाडीवर येतो. उलट जुनी गाडी विकत घेणाऱ्याला आधीच्या मालकाचा बोनस मिळत नाही. काही एजंट तो तसाच पुढे चालवून हप्ता कमी करून देतात, आणि अपघात झाला की कंपनी नेमकं तेच पान काढते. कागद घेताना आपणच विचारलेलं बरं.

आता माझा हिशोब. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, हप्ता ५,२०० रुपये. बोनसनंतर २,६००. दावा केला तर पुढच्या वर्षी पूर्ण ५,२००, मग ४,१६०, ३,९००, ३,३८०, २,८६० आणि त्यानंतर परत २,६००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते ते सोडून दिलं, तर एकूण फटका साडेसहा हजारांचा. म्हणजे चार हजारांच्या हेडलाइटसाठी दावा न करणंच शहाणपणाचं. इथपर्यंत भाचा बरोबर होता.

पण हा बोनस फक्त ओन डॅमेजवर असतो. दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई थर्ड पार्टी भागातून होते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तो भाग सक्तीचा आहे, त्याचा हप्ता वेगळा (माझ्या गाडीच्या गटाला ३,४१६ रुपये), आणि त्यावर बोनस नाहीच. त्या बाईच्या भरपाईने माझ्या सवलतीला धक्काही लागला नसता. हे मला एजंटने सांगितलं, तेही नूतनीकरणाला गेलो तेव्हा सहज बोलता बोलता.

तिच्या घोट्याचं हाड मोडलं होतं. कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे, चूक कुणाची हे सिद्ध न करतासुद्धा, गंभीर इजेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख आहेत. हाड मोडणं गंभीर इजेतच येतं. मी दिले दोन हजार. जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे, कलम १३४. तीही मी टाळली.

आपल्यात विमा जायज की नाजायज यावर खूप बोललं जातं. जेद्दाच्या फिक्ह अकादमीने १९८५ साली व्यापारी विमा अमान्य ठरवला आणि एकमेकांच्या सहकार्यावर चालणारा विमा मान्य केला. आपल्याकडे तो पर्याय हाताशी नाही, म्हणून "सक्तीचा आहे, घ्यावा लागतो" म्हणत आपण कागद घेतो. ठीक आहे. पण आपल्या फिक्हमध्ये आकिला नावाची जुनी व्यवस्था आहे. हातून चुकून कुणी मेला तर त्याच्या वारसांना द्यायची दियत एकट्याच्या डोक्यावर नसते, त्याचे नातेवाईक-जमात मिळून भरतात. चुकून झालेल्या हत्येची दियत सूरह निसात आहेच. मला तर सक्तीचा थर्ड पार्टी विमा या आकिलाच्या सर्वांत जवळचा वाटतो. ज्याच्यावर शंका घ्यावी त्या ओन डॅमेजची सवलत आम्ही पाच वर्षं जपली, आणि जो भाग दुसऱ्याच्या हक्काचा, तो रस्त्यावर दोन हजारांत मिटवला. रस्त्यावर मांडवली करणाऱ्याला आपल्याकडे समजूतदार म्हणतात, हे वेगळंच.

आवणी संपल्यावर मी तिच्या पाड्यावर गेलो. हाड वाकडं जुळलंय. या वर्षी ती चिखलात उभी राहू शकली नाही, आवणीची मजुरी बुडाली. तिने मला ओळखलं, चहा दिला. नवरा बोलला नाही.

कल्याणच्या एका वकिलांना विचारलं. पोलिसांत नोंद नाही, उशीर झालाय, अवघड आहे, पण गाडीवाला स्वतः लिहून द्यायला तयार असेल तर ठाण्याच्या न्यायाधिकरणात अर्ज घालून बघू, असं ते म्हणाले. मी लिहून देणार आहे. भाचा रागावलाय, केस माझ्यावर होईल म्हणतो, आणि ते खरं आहे. तिच्या नवऱ्याला पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते. सोमवारी त्याला बरोबर घेऊन मुरबाडला जायचं ठरलंय. तो येईल की नाही, माहीत नाही.