मुलीबरोबर रांगेत कोण?



१८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी वैद्यक शिकायचे आहे, असे कारण त्यांनी दिले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

आजच्या ‘नीट’च्या १८० प्रश्नांत ‘कशासाठी?’ हा प्रश्न नाही. तो मला विश्रांतवाडीच्या वस्तीत घराघरांतून ऐकू येतो : “मुलीला डॉक्टर करून काय करायचंय?” उत्तर मुलीकडे असते. अडते ते जातवैधता, नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यांपाशी. मुलगा असला की बाप रजा टाकून कचेरीत जातो. मुलीबरोबर कोण जाणार? अकरावीतच हे अर्ज भरायला आपल्या गटांनी तिच्याबरोबर रांगेत उभे राहिले पाहिजे.