दुर्मिळतेचा भाव आणि गुणांचे मोल

दुर्मिळता हीच किमतीची जननी होय, असा जो समज संग्राहकांच्या बाजारात रूढ झाला आहे, त्याची कसोटी घ्यावयाची असेल, तर 1980 नंतरच्या दशकात थोड्याच अंतराने अवतरलेल्या जर्मनीच्या पोर्शे 959 आणि इटलीच्या फेरारी एफ-40 या दोन मोटारींकडे पाहावे. पहिलीच्या गाड्या तीनशेच्या आसपास निघाल्या, दुसरीच्या तेराशेहून अधिक. आणि तरीही आजच्या लिलावांत सरशी सामान्यतः दुसरीचीच होते.

फेरारी कारखान्याच्या चाळिशीनिमित्त 1987 साली निघालेली एफ-40 ही एन्झो फेरारी यांनी जातीने मंजुरी दिलेली अखेरची मोटार. पुढच्याच वर्षी ते निवर्तले. तिच्यात ना गालिचा, ना रेडिओ. आतून दार उघडावयाचे तर दोरी ओढावी लागते, आणि वजन वाचविण्यापायी रंगाचा थर इतका पातळ दिलेला की, कार्बनच्या तंतूंची वीण त्याखालून डोकावते. पावणेपाचशे अश्वशक्तीला आवर घालण्याची सारी जबाबदारी चालकाच्या हातापायांवर सोपविलेली.

959 चा स्वभाव याच्या नेमका उलट. रस्त्याचा रागरंग पाहून चारही चाकांत शक्तीची वाटणी करणारी, टायरांतील हवेच्या दाबावर नजर ठेवणारी, खडतर भूमीसाठी एक स्वतंत्र गिअर बाळगणारी ही मोटार 1986 च्या पॅरिस-डाकार शर्यतीत पहिली आणि दुसरी आली. अमेरिकेच्या नियमांत ती बसेना, म्हणून बिल गेट्स यांची गाडी दहा वर्षांहून अधिक काळ तेथील जकात खात्याच्या ताब्यात अडकून पडली, आणि अखेर अशा दुर्मिळ मोटारींपुरती सवलतीची तरतूद खुद्द कायद्यात करावी लागली.

मग बाजारात ती मागे का? माझ्या मते, तिची विद्या सर्वांनी उचलली म्हणून. हवेचा दाब सांगणारा दिवा आज साध्या कौटुंबिक गाडीतही लागतो, आणि चारही चाकांना शक्ती पुरविणारी यंत्रणा पोर्शेच्याच पुढील गाड्यांत नित्याची झाली. ज्या गुरूचे पाठ गावभर मुखोद्गत झाले, त्याच्या शिकवणीला कोणी दक्षिणा देत नाही, तशी तिची गत झाली. उलट एफ-40 ने जे दिले, ते रांगडे सुख पुढे कोणालाही देता आले नाही, किंबहुना सुरक्षिततेच्या आजच्या दंडकांत देऊ दिले जाणार नाही. तेव्हा संग्राहक त्यासाठी थैली मोकळी सोडतात, यात त्यांचे काही चुकते असे नाही.

तथापि किंमत आणि थोरवी यांची गल्लत होऊ नये. एफ-40 चा लाभ तिच्या मालकांपुरता राहिला; 959 चा लाभ तिचे नावही न ऐकलेल्या लक्षावधींना, पावसाळी रस्त्यावर, रोज होतो आहे. म्हणून लिलावाचा निकाल काहीही लागो, माझा कौल 959 ला.