धाकट्याची बाटली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इंद्रलोकमधल्या आमच्याच बिल्डिंगमधली, बचत गटातली एक मैत्रीण भरदुपारी घरी आली. हातात पेढ्यांचा पुडा. थोरल्याला विमान दुरुस्तीच्या एका कंपनीत नोकरी लागत होती. मी अभिनंदन करणार तोच हळूच म्हणाली, ''ताई, तिथे लघवी तपासतात म्हणे. हा मधूनमधून गांजा ओढतो. धाकट्याची बाटलीत भरून दिली तर चालेल का?''

मला आधी हसूच आलं. मग तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि स्वतःची लाज वाटली.

बाहेरच्या देशांत बनावट लघवीही विकत मिळते, हे मुलानेच मोबाइलवर शोधून तिला सांगितलं होतं. खोटं नाही ते! २००५ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसच्या विमानतळावर ओन्टेरिओ स्मिथ या फुटबॉलपटूच्या सामानात सुक्या लघवीच्या कुप्या आणि चक्क नकली अवयव सापडला होता. ते साधन बनवणाऱ्या कंपनीच्या दोघांनी २००८ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. माणसं अक्कल कुठे खर्च करतील, सांगता येत नाही. पण तपासणारेही दूधखुळे नसतात. नमुना हाती येताच त्याचं तापमान बघतात. ताज्या लघवीचं साधारण ३२ ते ३८ अंश असावं लागतं.

आपल्याकडे डीजीसीएने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अशी अचानक तपासणी सुरू केली, वर्षाला किमान १० टक्के जणांची. विमान दुरुस्तीच्या कंपन्यांनीही माणूस कामावर घेण्याआधी ती करायची. मला हे पटतं. विमानाचा नट घट्ट बसलाय की नाही हे बघणाऱ्याचं डोकं ताळ्यावर नको का? आपलीच लेकरं त्यात बसून जातात.

पटत नाही ते वेगळंच. नोकरीत असलेला वैमानिक पहिल्यांदा सापडला तर त्याला व्यसनमुक्तीसाठी पाठवतात, बरा झाला की परत घेतात. दारात उभ्या असलेल्या पोराला मात्र कोण थांबवून ठेवणार? रांगेतला पुढचा मुलगा आत जातो. 'उपचार घे, सहा महिन्यांनी ये,' एवढं म्हणायला कंपनीचं काय जातं? मग आया बाटल्याच शोधणार!

आणि हो, अनारशांवरची आपली खसखससुद्धा तपासणीत अफूसारखी दिसू शकते बरं का. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांना ती खाऊ नका असं कळवलं होतं. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाचंही तेच. ते आधीच सांगून टाकावं. दुबईला मुलगा असेल तर डब्यातून खसखस अजिबात पाठवू नका, तिथे बंदी आहे.

मैत्रिणीला म्हटलं, ''धाकट्याची बाटली दिलीस तर थोरल्याचा गांजा सुटेल का गं? आणि धाकटा यातून काय शिकेल?'' ती रडायला लागली. तिला भीती पोलिसांची. तिला सांगितलं, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ६४अ कलम आहे. व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा थोडा माल जवळ असल्याच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ती जाते. १४४४६ हा सरकारचा फुकट फोन आहे. पुण्याचं मुक्तांगण तर १९८६ पासून हेच काम करतंय. तिने यातलं काहीच ऐकलं नव्हतं. शिकल्यासवरल्या घरातली बाई!

तपासणीच्या दिवशी मुलगा गेलाच नाही. ती नोकरी गेली. महिनाभराने तो उपचाराला गेला, तोही आईने दोन दिवस जेवण सोडल्यावर. आता घरी आहे, मीरा रोडला एका दुकानात बसतो. नात्यात मात्र त्याला कावीळ झाली होती असंच सांगितलंय. मला कुणी विचारलं की मीही कावीळच सांगते.