ऋषीचे कूळ आणि मजुराचे गाव

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण कोळशाच्या खाणीत आणि पोलादाच्या कारखान्यात राबलेल्या मजुराचे कूळ कोणी शोधू लागले, तर त्यालाही हेच सांगायचे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी हंगेरीच्या राज्यातून लाखो माणसे अमेरिकेला गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे आज जुनी दप्तरे चाळून पूर्वजांचे गाव शोधतात. हाती बहुधा एकच शब्द असतो : हंगेरी. आणि तोच त्यांना चकवतो. १९२० च्या त्रिआनोंच्या तहाने त्या राज्याचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश शेजाऱ्यांकडे गेला. काश्शा हे शहरच घ्या. १९१८ पर्यंत ते हंगेरीत होते, मग चेकोस्लोव्हाकियात, १९३८ साली पुन्हा हंगेरीत, १९४५ साली पुन्हा चेकोस्लोव्हाकियात आणि १९९३ पासून स्लोव्हाकियात. आज त्याचे नाव कोशित्से. उंबरठाही न ओलांडता माणसाने देश तरी किती वेळा बदलावा!

म्हणून शोध देशाचा नव्हे, गावाचा करावा, असे माझे मत आहे. देश तहांनी बदलतात; गाव बिचारे जागच्या जागी राहते. त्याचा माग मात्र अमेरिकेतूनच काढावा लागतो. १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज, तिथल्या चर्चमधील लग्नाच्या व दफनाच्या नोंदी, बोटीवरील उतारूंच्या याद्या यांत गावाचे नाव सापडण्याचा संभव असतो. १९०७ नंतरच्या याद्यांत तर मायदेशातील जवळच्या नातलगाचा पत्ताही असे. गाव कळले, की जुन्या ग्रामसूचीवरून त्याचे आजचे नाव शोधायचे. ऑक्टोबर १८९५ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदी मिळतात. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या उघडाव्या लागतात.

या वाटेवर खाचखळगे पुष्कळ. बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदीतला योआनेस घरी यानोश असतो आणि अमेरिकेत जॉन होतो. आपल्याकडे जशी नवेगावे, तशी तिकडे त्याच अर्थाची 'उयफालू' अनेक. पुण्याचा पुणेकर, तसा सेगेदचा सेगेदी; पण तो स्वतः सेगेदचाच असेल असे नाही, त्याचा खापरपणजा तिथून आलेला असेल. अमेरिकेच्या बंदरावरील कारकुनाने आमचे नाव बिघडवले, असे कित्येक घरांत सांगतात. वास्तविक त्या याद्या बोट सुटण्यापूर्वीच युरोपच्या बंदरात तयार होत. कारकुनाला दोष देणे सोपे. नाव बहुधा पुढे आपल्याच माणसांनी सोयीसाठी बदललेले असते.

एवढा खटाटोप करून मिळते काय? कोणाला राजघराणे मिळत नाही. उलट 'आम्ही हंगेरियन' म्हणणाऱ्याला कळते, की आजोबा स्लोव्हाक, रुमानियन, जर्मन किंवा ज्यू होते. वंशाभिमानासाठी निघालेला इथेच खट्टू होतो. मला मात्र हेच या शोधाचे खरे फळ वाटते. अभिमान गळून पडतो आणि उरते एक ओळ : मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे माहेरचे नाव आणि घराचा क्रमांक. राजांचे इतिहास भाट लिहितात. गरिबाचा इतिहास बहुतेक वेळा तेवढ्या एकाच ओळीत असतो. ती शोधणाऱ्याला आपली म्हण ऐकवून परत पाठवू नये.